वगळलेल्या चौदा नोंदी

लिहिणाऱ्यांत माझी गणती नाही, आणि व्हावी असं मी काही केलेलंही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील शहाडला एका कारखान्यात मशीनवर होते, आई घरी शिवणकाम करते. घरात वाचायचं म्हणजे कॅलेंडरच्या मागचा मजकूर आणि विहारातून आणलेली दोन-चार पातळ पुस्तकं. अशा माणसाने आपल्या आठवणी लिहायला बसावं हे मलाच जरा जास्त वाटतं. त्याची आधीच माफी मागतो.

आजवर स्वतःच्या शब्दांत मी एकच पान लिहिलं आहे. तो एक अर्ज होता. त्यात ‘माझ्या हातून’ हे शब्द तीनदा आले होते. कॉलेजातले माझे सर म्हणाले, एकदा पुरे. मी दोनदा खोडलं. पण त्या अर्जात जे बसलं नाही ते माझ्याजवळच राहिलं, म्हणून हे दुसरं.

आम्ही आंबिवलीचे. कॉलेज कल्याणला. संस्था मोठी होती. ठाण्यात वर्तकनगरला मुख्य कार्यालय आणि एक कॉलेज, कल्याणला आमचं, डोंबिवलीला शाळा. कॉलेजात फॉर्म निघालेत हे आमच्या घरी सांगितलं ते समोरच्या चाळीतल्या आत्याने. ती नात्याची आत्या नव्हे. वडील तिला ताई म्हणत, म्हणून मी आत्या म्हणायचो, एवढंच. ती त्याच कॉलेजात केमिस्ट्री लॅब झाडायची, परीक्षानळ्या धुवायची. कंत्राटी. अठरा वर्षं तिने ते काम केलेलं. फॉर्मही तिनेच आणला होता, घडी पडू नये म्हणून जुन्या एक्स-रेच्या पाकिटात घालून.

कॉलेजात अशा बायकांना नाव नसतं. झाडणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, लेडीज रूम सांभाळणाऱ्या सगळ्या मावशी. शिपाई सगळे मामा, पण मामा कायम नोकरीतले, त्यांची नावं ऑफिसच्या सर्व्हिस बुकात तरी असतात. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्या मला जिन्यात भेटली. माझ्यासोबत वर्गातले दोघं होते. ती हसली. मीही हसलो आणि म्हणालो, “काय मावशी, बरंय ना?” ती म्हणाली, “बरंय बाळा.” तिने तेव्हापासून मला कॉलेजात कधी नावाने हाक मारली नाही, आणि मी तिला आत्या म्हणालो नाही. घरी मात्र ती आत्याच होती. हे आम्ही ठरवलं नव्हतं. मी केलं आणि तिने चालवून घेतलं.

दुसऱ्या वर्षाला मला ‘कमवा आणि शिका’ योजनेत कॉम्प्युटर विभागात काम मिळालं. ठाण्याहून आठवड्यातून दोनदा सर यायचे, त्यांच्या हाताखाली. सरांचं घराणं ठाण्याच्या खाडीकाठचं, पिढ्यांपासून तिथलंच. आजोबा मिठागरात राबलेले. आता त्या जमिनीवर टॉवर आहेत आणि सरांना नोकरीची गरज नाही असं सगळे म्हणत. सर म्हणत, “टॉवरमधी बसून काय करू? सर्व्हर तरी माझा ऐकतो. घरी कोण ऐकतंय?” वर्गात ते शुद्ध बोलायचे. माझ्याशी बोलताना गावची बोली यायची, तेव्हा मला बरं वाटायचं.

त्यांनी मला पहिल्यांदा डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे काय ते शिकवलं. संस्थेतल्या प्रत्येक माणसाची त्यात एक नोंद. गेटवर कार्ड दाखवा, लायब्ररीत पुस्तक घ्या, कॉम्प्युटर उघडा, प्रत्येक यंत्र आधी त्या डिरेक्टरीला विचारतं, हा आपला माणूस आहे का? दिवसातून हजारो वेळा वाचायचं, लिहायचं क्वचित.

“ही वही नाय, हे झाड हाय,” सर म्हणाले. मूळ म्हणजे संस्था. त्याला तीन फांद्या, ठाणे, कल्याण, डोंबिवली. प्रत्येक फांदीला डहाळ्या, विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, कंत्राटी. आणि पानं म्हणजे माणसं. पानाचा पत्ता पानापासून मुळापर्यंत लिहितात; हा माणूस, या डहाळीवरचा, या फांदीचा, या मुळाचा. मला ते फार आवडलं. आमच्याकडे पाहुणा आला की आजोबा असंच विचारायचे, कुणाचा तू, कुठल्या घरचा, कुठल्या गावचा.

विचारणाऱ्याला झाड एकच दिसतं. पण ठेवताना ते सगळं एकाच डेटाबेसमध्ये ठेवावं लागत नाही. एकेक फांदी वेगळ्या खोक्यात ठेवता येते, ते खोकं दुसऱ्या गावच्या मशीनवरही असू शकतं. सरांनी हे मिठागरावरून समजावलं. खाडी एक, पाणी आत येण्याची उघाडी एक, पण आत बांध घालून वाफे केलेले. कुठल्या वाफ्यात काय आहे ते आगरातल्या माणसाला ठाऊक असलं की झालं. बाहेरच्याला सगळं मिळून एकच मिठागर.

आमचं सगळं झाड तोवर ठाण्यात एकाच खोक्यात होतं. रस्त्याची खोदाई झाली की ठाणे-कल्याण लाइन तुटायची आणि कल्याणच्या गेटवर रांग लागायची, कारण कार्ड वाचणारं मशीन ठाण्याला विचारत बसायचं. म्हणून ठरलं की कल्याणची फांदी कल्याणच्याच सर्व्हरवर ठेवायची. ठाण्याकडे फक्त पाटी राहील, कल्याणचं विचारायचं तर तिकडे जा. काम दिवाळीच्या सुट्टीत करायचं होतं. सर ठाण्यात बसणार, मी कल्याणला.

आदल्या दिवशी त्यांनी मला दोनदा बजावलं. “नवा बांध घातला ना, की सर्व्हर कल्याणसाठी नव्या खोक्याकडंच जाणार. जुन्याकडं ढुंकून नाय बघणार. जुन्या खोक्यात कल्याणची माणसं तशीच पडून ऱ्हातील. पुसली नाय जाणार, पण कुणाला दिसणार नाय. म्हणून आधी सगळी काढून घे, मग बांध, मग भर. आणि भरल्यावर मोज. मोजल्याबिगर उठू नको.”

मी काढून घेतली. बांध घातला. भरायला लावली. चहा प्यायलो. परत आलो तेव्हा पडद्यावर अहवाल होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की चौदा नोंदी वगळल्या.

ती ओळ मी वाचली. हे मला सगळ्यात आधी कबूल करायला हवं. माझ्या नजरेतून ती सुटली असं नाही.

वगळलेल्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये पडतात. मी ती उघडली. कंत्राटी डहाळीवरच्या चौदा बायका. पूर्ण नाव या रकान्यात ‘मावशी पहिला मजला’, ‘मावशी लेडीज रूम’, ‘मावशी केमिस्ट्री लॅब’. आडनाव या रकान्यात काहीच नाही. कंत्राटदाराने कधीकाळी नुसती संख्या कळवली असणार, बायका चौदा, आणि कार्डं द्यायची म्हणून कुणा क्लार्कने नोंदी उरकल्या असणार. डिरेक्टरीत माणसाच्या नोंदीला दोन रकाने रिकामे चालत नाहीत, पूर्ण नाव आणि आडनाव. जुन्या सर्व्हरवर ही तपासणी कुणीतरी बंद ठेवली होती. नव्यावर सरांनी ती चालू केली होती. त्यामुळे नव्याने या चौदा जणींना आत घेतलं नाही.

आडनावाच्या जागी एक टिंब टाकलं असतं तरी त्या आत आल्या असत्या. पाच मिनिटांचं काम. मला ते सुचलं होतं. पण बाईच्या आडनावाच्या जागी टिंब टाकायचं मला बरं वाटेना. मग खरं आडनाव विचारून आणायचं. तेही जमेना. आडनाव विचारणं म्हणजे आमच्याकडे नुसतं आडनाव विचारणं नसतं. मला ते अनेकदा विचारलं गेलेलं आहे आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं किंवा येत नाही, ते मी बघत आलो आहे. चौदा जणींना तो प्रश्न मी विचारायचा. आणि चौदावी आत्या. तिचं आडनाव मला माहीत होतं, ती आमच्याच वस्तीतली. ते माझ्या हाताने त्या रकान्यात लिहिलं तर सर विचारतील, हे तुला कसं ठाऊक? मग सांगावं लागेल, कुठली वस्ती, कुठली चाळ.

एवढा सगळा विचार मी त्या वेळी केला का? असा ओळीने नाही. मी फक्त मनात म्हटलं, सुट्टीनंतर बघू. कुणी लॉगिन करतंय थोडंच.

फोन वाजला. सर म्हणाले, “झालं का रं? मोजलंस?”

“हो सर.”

“काय राह्यलं का?”

“नाही सर. सगळं आलं.”

“शाब्बास. जा घरी, फराळ खा.”

सुट्टी संपली आणि मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. म्हणजे कुणी तक्रार केली नाही. तक्रार न होण्याचं कारण गेटवरचा वॉचमन होता. फार चांगला माणूस. मावश्यांनी कार्ड लावलं की मशीनवर लाल दिवा लागायचा आणि तो हाताने दांडा वर करायचा. एका सकाळी मी आत्याच्या मागेच रांगेत होतो. तिने कार्ड लावलं. लाल. पुसून पुन्हा लावलं. लाल.

“जाओ मौसी,” वॉचमन म्हणाला, “मशीन को क्या पता. आपको कौन नहीं पहचानता.”

आत्या मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, “बघ रे बाळा, अठरा वर्षं झाली, आणि हे मेलं मला ओळखत नाही!”

मागचे सगळे हसले. मी पण हसलो.

मशीनने त्यांना ओळखलं नाही म्हणजे त्या आल्याची नोंदही झाली नाही. रोज सकाळी त्या सगळ्यांच्या आधी यायच्या, कुलपं उघडायच्या आधी, आणि डिरेक्टरीच्या लेखी कॉलेजात कुणी मावशी नव्हतीच. हे मला माहीत होतं. ठाण्याच्या जुन्या खोक्यात त्या चौदा नोंदी जशाच्या तशा पडून होत्या आणि त्यांच्यापर्यंत जाणारी वाट मीच बुजवली होती, हेही माहीत होतं. सुरुवातीला वाटायचं, आज सांगू, राहिलेलं काम आहे. मग इतके दिवस गेले की ते राहिलेलं काम उरलं नाही. ‘सगळं आलं’ असं मी म्हणालो होतो, आता ते खोटं होतं असं सांगावं लागलं असतं.

गणपतीच्या आधी ऑफिसबाहेर नोटीस लागली. संस्था काही कंत्राटी लोकांना कायम करणार होती. सलग सेवा हवी, ती गेटच्या नोंदींवरून धरलेली. आदेशाच्या दिवशी वय अठ्ठावन्नच्या आत हवं. खाली पात्र लोकांची यादी. यादीबद्दल हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावी. यादीत वॉचमन होता, माळी होता, लिफ्टवाला होता. मावशी एकही नव्हती.

आत्याला कायम व्हायचं होतं, हे आमच्या सगळ्या चाळीला ठाऊक होतं. कायम झालेल्यांना साठीपर्यंत काम मिळतं, कंत्राटी बाईला अठ्ठावन्नलाच घरी बसवतात. पण ती बोलायची ते वेगळंच. स्टाफमधलं कुणी रिटायर झालं की हॉलमध्ये निरोप समारंभ व्हायचा. खुर्च्या मावश्या लावायच्या, चहा मावश्या द्यायच्या, मग मागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. पूर्ण नाव माइकवरून पुकारायचे, शाल द्यायचे, नारळ द्यायचे. आत्या माझ्या आईला म्हणायची, “शाल काय गं, बाजारात मिळते. पण नाव पुकारतात ना, तेव्हा टाळ्या वाजतात.”

नोटीस लागली त्याच दुपारी ती कॉम्प्युटर विभागाच्या दारात आली. आत यायची नाही, चप्पल बाहेर काढून उंबऱ्यावर उभी. खोलीत मी एकटाच होतो.

“तू इथं असतोस ना रे,” ती म्हणाली. “बघ ना जरा. आमचं एकीचंही नाव का नाही? दांडी तर माझी वर्षात दोन दिवस.”

मी मान वर केली नाही. म्हणालो, “मशीनची काहीतरी गडबड असेल. बघतो मी.”

“दहा दिवसांत लिहून द्यायचंय म्हणे. बाकीच्या बायका म्हणतायत, अर्ज करू.”

“बघतो ना. होईल.”

“मग ठीक आहे.” ती खरंच निश्चिंत झाली, हे तिच्या आवाजावरून कळलं. नंतर दुसऱ्या एका मावशीकडून समजलं, तिने खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं, अर्जबिर्ज नको, आपला पोरगा बघतोय.

त्याच पंधरवड्यात ठाण्यातल्या एका कंपनीत माझी मुलाखत होती. सरांनीच नाव सुचवलं होतं. मुलाखत अकराव्या दिवशी होती. मी ठरवलं की मुलाखत झाली की सांगायचं. स्वतःला म्हणालो, चूक कॉम्प्युटरची आहे, ती कधीही दुरुस्त होते, तिला मुदत कसली. मुदत यादीला होती, हे मी वाचलेलं होतं.

बाराव्या दिवशी मी सरांना सांगितलं. सगळं सांगितलं, टिंबासकट. फक्त आत्याचं नाही. सर म्हणाले, “मी विचारलेलं तुला.”

“हो सर.”

“दोनदा विचारलेलं. मोजलंस का, आणि काय राह्यलं का.”

“हो सर.”

“धा दिवस होते. त्यात सांगितलं असतंस तर त्याच यादीला जोडली असती. आता यादी वर गेली. आता हे वेगळं प्रकरण होणार, आणि वेगळं प्रकरण म्हंजे किती वरसं, ते कोण सांगणार?” ते उठून खिडकीपाशी गेले. परत आले. “त्यातली लॅबवाली तुमच्या वस्तीतली ना?”

मी समोरचा की-बोर्ड सरळ करायला लागलो.

“अरे, मला काय माहीत नाय? तुझं नाव मला कोणी सांगितलं? कमवा-शिकाला तीस अर्ज होते. ती इथं दारात उभी ऱ्हायली, चप्पल काढून. म्हणाली, सर, आमच्याकडचा पोरगा आहे, हुशार आहे, लाजतो जरा, त्याला घ्या. आणि मी सांगितलंय ते त्याला सांगू नका म्हणाली.”

मी त्या उंबऱ्याकडे बघितलं.

जुन्या खोक्यातल्या नोंदी सरांनी पुसू दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दुसऱ्या दिवशी सापडल्या. प्रत्येकीचा कार्ड नंबर शाबूत होता. आता आडनावं हवी होती आणि जन्मतारखा. सर म्हणाले, जा, विचारून ये. वही घेऊन मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. चहाची वेळ होती, सगळ्या बसल्या होत्या.

“आडनाव? कशाला रे, स्थळ आणलंयस का?” पहिल्या मजल्याची मावशी म्हणाली, आणि खोली हसायला लागली.

“माहेरचं सांगू का सासरचं?”

“नवऱ्याने टाकलं, त्याचं आडनाव मी का वागवू? माझ्या बापाचं लिही.”

“तिचं लिहू नकोस हां, ती आधीच कायम आहे, तोंडाने.”

मी घाबरत होतो त्यातलं काहीच झालं नाही. एकेक जण सांगत गेली. कुणी सांगताना पदर नीट केला. एकीने वही हातात घेऊन मी बरोबर लिहिलंय का ते बघितलं, बोट ठेवून. शेवटी आत्या. मला माहीत होतं, तरी तिने सांगायची वाट बघितली. तिने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मी ते परत उच्चारलं, खात्री करायला, पण हळू. ती म्हणाली, “मोठ्याने म्हण की. लिहिताना चुकशील.”

मी मोठ्याने म्हटलं.

“जन्मतारीख?”

“एक जून.” तीन-चार जणी हसल्या. त्यातल्या दोघींचीही एक जूनच होती. “खरी कुणाला ठाऊक? बाप नाव घालायला घेऊन गेला, मास्तरांनी शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने एक जून लावली. आईला विचारलं तर ती म्हणायची, भाताची लावणी चालू होती. म्हणजे जुलैच असणार, नाहीतर ऑगस्ट.” मग साल सांगितलं. मी मनात वजाबाकी केली. पुढच्या एक जूनला अठ्ठावन्न पूर्ण. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “नऊ-दहा महिने आहेत अजून. बक्कळ.”

चौदा नोंदी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत नव्या खोक्यात गेल्या. मी मोजल्या. दुसऱ्या दिवशी मी गेटपाशी जाऊन उभा राहिलो. आत्याने कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. वॉचमनने टाळी वाजवली. तिने मुद्दाम बाहेर येऊन परत एकदा लावलं.

पण गेलेले महिने परत येणार नव्हते. ओळख न पटलेली कार्डं मशीन फार दिवस लक्षात ठेवत नाही, मागचे काही आठवडे तेवढे मिळाले. बाकीच्यासाठी अर्ज करावा लागला, की या बायका रोज येत होत्या आणि नोंद नाही यात त्यांची चूक नाही. सर म्हणाले, “तू लिही. सही मी खाली करतो.” तोच तो अर्ज. वॉचमननेही लिहून दिलं, हिंदीत, मी रोज दांडा उचलत होतो. मी स्वतः वर्तकनगरला कार्यालयात गेलो. आवक खिडकीवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आपण विद्यार्थी?”

“हो.”

“चूक विद्यार्थ्याची, नुकसान कर्मचाऱ्यांचं, आणि तेही आमच्या पटावर नसलेल्या. हे कोणत्या टेबलावर पाठवायचं, सांगा बरं.” पण त्यांनी शिक्का मारला आणि पोच दिली. म्हणाल्या, “खरं लिहिलंत, ते बरं केलंत. उशिरा लिहिलंत.”

ती नोकरी मला मिळाली. पास झाल्यावर ठाण्यात मित्रांबरोबर खोली घेतली. काम तसंच आहे, मोठ्या झाडाच्या फांद्या करायच्या, वेगवेगळ्या मशीनवर ठेवायच्या, बाहेरून सगळं एक दिसेल असं करायचं. मी मोजतो. आमच्या टीममध्ये मला त्यावरून चिडवतात, हा भरल्यावर तीनदा मोजतो, बँकेत असायला हवा होता. कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी आंबिवलीला जायचो. पहिले काही रविवार समोरच्या चाळीकडे न बघता घरात शिरायचो. मग आत्याच यायची, भाकरी-सुकट घेऊन. प्रकरणाबद्दल ती बोलायची नाही. मी एकदा विचारलं, “काही कळलं का, आत्या?” ती म्हणाली, “येईल रे. ठाण्याचं पत्र आहे, खाडी ओलांडून यायचंय त्याला.” एक जून त्याआधीच होऊन गेला होता. कंत्राटदाराने तिला घरी बसवलं होतं. निरोप समारंभ नाही, कंत्राटींना नसतो. बायकांनी जिन्याखालच्या खोलीत वडापाव आणले होते, असं आईने सांगितलं. पावसाळ्यानंतर आत्या खडवलीला लेकीकडे राहायला गेली. मी मनात धरून होतो की पत्र येईल तेव्हा अर्जाची तारीख बघतील, आदेशाची नाही. अर्जाच्या दिवशी ती अठ्ठावन्नच्या आत होती. अर्जात मी तसं लिहिलंही होतं, शेवटच्या परिच्छेदात.

परवा दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आईचा फोन आला. आधी शिवणयंत्राच्या पट्ट्याबद्दल बोलली, मग वडिलांच्या गुडघ्याबद्दल. मग म्हणाली, “कॉलेजच्या मावश्यांच्या ऑर्डरी आल्या बरं का.”

“सगळ्यांच्या?”

“तेराजणींच्या. ती नवऱ्याने टाकलेली, तिने तर पेढे वाटले.”

“आणि आत्या?”

“तिलाही आलं ना पत्र. पूर्ण नावाने आलं, पाकिटावर आडनावासकट. पण आत वय उलटलं म्हणून लिहिलंय. एक जून होऊन गेला ना.”

“कधी आलं?”

“झाले की दोन महिने.”

“दोन महिने? मग मला सांगितलं का नाहीस?”

“तिनेच नको म्हटलं होतं,” आई म्हणाली. “म्हणाली, नवीन नोकरी आहे त्याची, उगाच मनाला लावून घेईल. मी आज विसरून बोलून गेले. तू तिला विचारू नकोस हं.”